दुसऱ्या व्हायोलिनचे दप्तर : एका अभिलेखपालांचे जाहीर आभार

आदरणीय महोदया,

सविनय नमस्कार.

माझ्या दिवंगत आत्याच्या कागदपत्रांची सूची पूर्ण झाल्याचे आपले पत्र मिळाले. त्याचे उत्तर मी जाहीरपणे लिहीत आहे, कारण आपले, म्हणजे जुन्या कागदपत्रांचे जतन करणाऱ्या अभिलेखपालांचे, काम नेमके काय असते हे बाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते. आणि एखादा वादक गेल्यानंतर त्याच्या भरलेल्या कपाटासमोर उभ्या राहिलेल्या नातेवाइकाला ते वेळीच कळले, तर काही कागद वाचतील अशी मला आशा आहे.

आत्या तीस वर्षांहून अधिक काळ सिंफनी ऑर्केस्ट्रात, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या वाद्यवृंदात, दुसऱ्या व्हायोलिनच्या विभागात वाजवत होती. मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवादकांचे दोन विभाग असतात, पहिल्यात साधारण 16 आणि दुसऱ्यात 14 जण, आणि त्या चौदा जणांपैकी कुणा एकाचा आवाज वेगळा ऐकू न येणे हेच त्यांचे कौशल्य असते. ध्वनिमुद्रिकेवर नाव छापले जाते ते वादकांचे संचालन करणाऱ्या कंडक्टरचे आणि ऑर्केस्ट्राचे. आत्याच्या वादनाचे कितीतरी तासांचे मुद्रण आज ऐकता येते, परंतु त्यातल्या एकाही स्वराला ‘हा तिचा’ असे म्हणता येत नाही. निव्वळ तिचे असे जे काही मागे उरले होते ते बहुतेक सगळे तिच्या कपाटांत होते, आणि ते मी माझ्या हातांनी विस्कटायला निघाले होते.

मी पहिल्यांदा आपल्याशी बोलले, तेव्हा कागदांचे दोन ढीग केल्याचे मोठ्या समाधानाने सांगितले होते. एका ढिगात करारपत्रे, दौऱ्यांवरची छायाचित्रे आणि मैफलींच्या कार्यक्रमपत्रिका. दुसऱ्यात पेन्सिलीने गिरमिटलेल्या स्वरलिपीच्या छायाप्रती, तालमींच्या वेळापत्रकांच्या डायऱ्या आणि असंख्य चिठ्ठ्या. पहिला ढीग मी तारखेनुसार लावत होते आणि दुसरा रद्दीत जाणार होता. आपण शांतपणे मला थांबवलेत आणि म्हणालात, की कोणत्या कागदाशेजारी कोणता कागद होता हीसुद्धा माहितीच असते, आणि ती एकदा मोडली की कुठूनही परत मिळत नाही. कागद ज्याने जमवले त्याने लावलेला क्रम राखावा, हे तत्त्व तीन डच अभिलेखपालांनी 1898 साली प्रसिद्ध केलेल्या नियमांत मांडलेले आहे, हे मला आपल्याकडूनच कळले. तोवर माझा हात एकाच कपाटाला लागला होता. बाकीचे आपल्यामुळे जसेच्या तसे राहिले.

त्या ‘रद्दी’विषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. वादकाच्या स्टँडवरचा पार्ट, म्हणजे त्याच्या विभागापुरती स्वरलिपी, ऑर्केस्ट्राच्या ग्रंथालयाच्या मालकीचा असतो आणि मैफल संपल्यावर परत जातो. घरी राहते ती सरावासाठी काढलेली छायाप्रत. आत्याच्या त्या प्रतींवर गज वर न्यायचा की खाली ओढायचा याच्या खुणा आहेत, त्या खोडून उलट केलेल्या आहेत, आणि काही ठिकाणी पुन्हा पूर्ववत केलेल्या आहेत. दोन वादकांत एक स्टँड असतो, त्या जोडीला डेस्क म्हणतात; ती डेस्कच्या आतल्या बाजूला बसत असल्यामुळे पान उलटण्याची जबाबदारी तिची होती, म्हणून पानांच्या खालच्या कोपऱ्यात किती मात्रा आधी हात उचलायचा याचे आकडे आहेत. कंडक्टरकडे पाहण्याची आठवण म्हणून वादक चष्म्याचे चित्र काढतात, ही खूण मला ठाऊकच नव्हती. त्या चित्रांना मी बालिश रेघोट्या समजले होते. एकाच रचनेच्या तीन वेगवेगळ्या वेळच्या प्रती आपण शेजारी ठेवल्यात, तेव्हा प्रत्येक नव्या कंडक्टरबरोबर चष्मे कुठे वाढले आणि कुठे कमी झाले, हे माझ्यासारख्या अनभिज्ञ व्यक्तीलाही दिसले.

परंतु माझ्या मनातून जात नाही ते रशियन संगीतकार चायकोव्स्कीच्या सहाव्या सिंफनीच्या शेवटच्या भागाचे पान. मी ते वाद्यावर वाजवून पाहिले होते. स्वर वेडेवाकडे उड्या मारत होते आणि त्यातून कोणतीही धून निघत नव्हती, म्हणून ती सदोष प्रत असावी असे मी ठरवून टाकले होते. आपण पहिल्या व्हायोलिनचा पार्ट मागवून त्याच्याशेजारी ठेवलात. 1893 साली प्रथम सादर झालेल्या या सिंफनीच्या अखेरच्या भागाची सुरुवातीची धून चायकोव्स्कीने दोन्ही विभागांत एक स्वर इकडे, एक स्वर तिकडे अशी वाटून दिली आहे. श्रोत्याला जी धून ऐकू येते ती मंचावरचा कुणीच सलग वाजवत नसतो. पुढे तीच धून परत येते तेव्हा मात्र ती सबंध पहिल्या व्हायोलिनला मिळते. आत्याने त्या पानाच्या समासात पहिल्या व्हायोलिनचे स्वर बारीक अक्षरात लिहून ठेवले होते, म्हणजे एकटीने सराव करताना ती दुसरा अर्धा भाग मनात म्हणत असणार. हे आपण मला दाखवलेत, आणि त्या दिवशी मला आत्याचे काम पहिल्यांदा कळले.

दुसरी एक गोष्ट तर निव्वळ क्रमामुळे उघड झाली. चेक संगीतकार स्मेतानाच्या ‘बार्टर्ड ब्राइड’ या ऑपेराच्या ओव्हर्चरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या वाद्यरचनेत, द्रुतगतीचा जो भाग दुसऱ्या व्हायोलिनपासून सुरू होतो तो निवड-चाचणीत हमखास विचारला जातो. त्या पानाच्या घडीत एका ऑर्केस्ट्राचे नकाराचे पत्र होते. वादनाविषयी त्यात एक शब्दही नव्हता. स्त्री-वादक घेण्याची प्रथा नाही, एवढेच होते. मी ते पत्र काढून ‘पत्रव्यवहार’ असे लिहिलेल्या फाइलीत ठेवले असते, आणि ते त्याच पानात का होते हा प्रश्न कुणाला कधी पडला नसता. कंडक्टर हेन्री वुड यांनी लंडनच्या क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्रात सहा स्त्रियांना 1913 मध्येच घेतले होते, तरी बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये पहिली स्त्री-वादक 1982 मध्ये आली आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकने स्त्रियांना सभासदत्व 1997 मध्ये दिले. हा इतिहास मी वाचलेला होता. आत्या तो नकार घडी करून स्वरलिपीत ठेवते आणि त्याच पानावर पुढची कित्येक वर्षे सराव करते, हे मात्र आमच्या घरात कुणालाही माहीत नव्हते. पुढे तिची निवड झाली ती पडद्यामागे घेतलेल्या चाचणीत. पावलांच्या आवाजावरूनही उमेदवार ओळखू येऊ नये म्हणून तेथे गालिचा अंथरलेला होता, अशी नोंद तिच्या डायरीत आहे.

गंजलेल्या टाचण्या काढणे, मी मोठ्या उत्साहाने लावलेली चिकटपट्टी सोडवणे, वर्तमानपत्रांची आम्लयुक्त कात्रणे शेजारच्या पानांना डाग पाडू नयेत म्हणून वेगळी ठेवणे, ही कामे आपण किती दिवस केलीत ते मला ठाऊक नाही. आत्याच्या कानांच्या तपासण्यांचे अहवाल ठराविक काळापर्यंत वाचकांना न दाखवण्याचे आपणच सुचवलेत. हयात सहकाऱ्यांच्या पत्रांविषयीही, कागद आमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचाच राहतो, हे समजावून त्या प्रत्येकाला विचारलेत. त्यासाठी मी आपली ऋणी आहे.

ध्वनिफितींचे ऋण वेगळे आहे. त्या चिकट झाल्या होत्या आणि यंत्रावर चढवल्या की किंचाळत थांबत होत्या. फितीवरचे चुंबकीय द्रव्य धरून ठेवणारा थर हवेतील ओलावा शोषून असा होतो, आणि साधारण 50 अंश सेल्सियसच्या मंद उष्णतेत काही तास ठेवल्यावर फीत तेवढ्यापुरती वाजण्याजोगी होते, असे आपण सांगितलेत, आणि तसे करून त्यांच्या डिजिटल प्रती काढून घेतल्यात. त्यातल्या एका फितीवर आत्या घरी एकटीच सराव करते आहे. मेट्रोनोमचा, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचा, ठोका आहे, चुकलेली जागा ती पुन्हा घेते, पुन्हा घेते, आणि मध्येच स्वतःला ‘हळू’ असे सांगते. बाकी सगळ्या मुद्रणांत तिचा आवाज इतर तेरा आवाजांत मिसळलेला आहे; या एकाच फितीत तो वेगळा आहे.

या पत्रासोबत एक पातळ वही पाठवत आहे. वाचण्यासाठी म्हणून मी ती स्वतःकडे ठेवून घेतली होती आणि आपल्याला सांगायचे राहून गेले, याबद्दल क्षमा असावी. ती डाव्या कपाटाच्या दुसऱ्या खणात होती. तिच्यावर गजाला लावायच्या राळेची डबी होती, आणि तिच्याखाली आत्याच्या शेवटच्या मैफलीचे तालमींचे वेळापत्रक होते.

आपली ऋणी,
एक भाची