‘हाई कसाले?’

चिंचवड, पुणे
कानबाईनंतरचा मंगळवार

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा कानबाई देवीच्या मखराचा फोटो पाठवला, तेव्हा बाबा फोनवर म्हणाले, “हाई कसाले वं? बजारमा भेटस ना सगळं.” हे कशाला, बाजारात मिळतं ना सगळं. मागून आईचा आवाज आला, “दिवसभर ऑफिस करते आणि रात्री जागत बसते. डोळ्यांचं काय?” मी कुकर लावलेला होता, म्हणून विषय तिथेच राहिला. तसंही फोनवर बाबांशी वाद घालता येत नाही. तुम्ही “बरं, ठेवतो” म्हणता आणि खरंच ठेवता. म्हणून पत्र.

आधी आईची काळजी मिटवते. जागत बसत नाही. जेवणं झाली, ओटा पुसला की जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसते. अर्धा तास, कधी त्याहूनही कमी. एका जुन्या स्टीलच्या ताटात त्या त्या दिवसांचं सामान असतं: कात्री, दोरा, खळीची वाटी आणि जे काही चाललं असेल ते. अर्धा तास झाला की ताट कपाटावर आणि टेबल मोकळं. ताटात मावेल तेवढंच काम घ्यायचं, हा मी स्वतःला घातलेला एकच नियम. मोठं काही काढलं की ते अर्धवट राहतं, आणि अर्धवट राहिलेलं काम घरभर डोळे वटारून बघत बसतं. परवाचं मखरसुद्धा असंच झालं. एकेका रात्री एकेक कमान, कागदाची वेलबुट्टी, आणि शेवटी खालच्या मजल्यावरच्या धुळ्याच्या मंडळींकडे नेऊन केळीच्या खांबांना बांधलं. त्यांच्याकडे पूर्वी थर्माकोलचं असायचं. २०१८ला राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून ते बिनमखराचीच कानबाई बसवत होते.

ताटात काय असेल ते मात्र मी ठरवत नाही, महिना ठरवतो. सध्या कापूस आहे. गौरी-गणपतीची वस्त्रं करतेय. आई, तू करायचीस तसंच: आपल्या शेतातला कापूस, सरकी काढून बोटांनी मोकळा केलेला, मग लांब ओढून ठरावीक अंतरावर दुधाच्या बोटाने पीळ, आणि प्रत्येक पिळावर कुंकवाचा ठिपका. बाजारातली वस्त्रं दहा रुपयांना पाकीटभर मिळतात हे मला माहीत आहे. पण त्यांतला कापूस इतका दाबलेला असतो की तो कापूस आहे हे सांगावं लागतं. फुलवाती अजून तुझ्यासारख्या होत नाहीत. तू बोटांना जराशी राख लावून शेपूट वळायचीस, त्याने कापूस निसटत नाही. इथे गॅसवर राख कुठून आणू? उदबत्तीची साठवते. हसू नकोस.

दिवाळीच्या आधी कामट्या येतील. बाबा, तुम्ही बुरडाकडून कामट्या आणून कंदील बांधायचात, पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचात म्हणजे कसर लागत नाही. कंदिलाच्या त्या चौकटीला गाठी मारताना तुम्ही आमच्यावर जितके ओरडलात तितके परीक्षेच्या निकालावर ओरडला नाहीत. चैत्रात इथे काही वाळवत नाही, पण बिबड्यांचे, ज्वारीच्या पापडांचे दिवस आले की मला उगाच खाट टाकावीशी वाटते. पाच-सहा बायका, घाटा गरम असतानाच थापायचा, सगळे एकाच जाडीचे. त्याला तुम्ही कधी कला म्हटलं नाही. पण आई, तुझा बिबडा उन्हाकडे धरला तर त्यात कुठेच गडद डाग दिसायचा नाही, आणि काकूचा बिबडा लांबून ओळखू यायचा.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते.

बाबा, तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्हाला कार्यानुभव शिकवलात. शुक्रवारी शेवटचे दोन तास. मातीकाम, कागदाची फुलं, दादर ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी. धांड्याची साल सोलायची, आतला पांढरा गर तुकडे करून घ्यायचा आणि सालीच्याच काड्या टोचून चाकं, साटी, जू उभं करायचं. एक पैसा लागायचा नाही. आणि त्याच तासाला तुम्ही आम्हाला फैजपूर सांगितलं होतं. डिसेंबर १९३६, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष. गांधीजींनी नंदलाल बोसांना शांतिनिकेतनातून बोलावून घेतलं आणि अधिवेशनाचं टिळकनगर उभारायचं ते खेड्यात मिळणाऱ्या सामानातून, गावच्याच कारागिरांच्या हातांनी, असं सांगितलं. बांबू, चटया, गवत. एवढा मोठा चित्रकार आपल्या खान्देशात येऊन बांबूच्या कमानी बांधून घेतो, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही, हे सांगताना तुमचा आवाज चढायचा. मागच्या बाकावरची पोरं झोपायची, पण मी जागी होते. तेव्हा तुम्ही “हाई कसाले?” विचारलं नाहीत. म्हणून मी उलट विचारते: शाळेत शिकवायला चांगलं होतं, मग घरी करायला काय झालं?

तुमचं उत्तर मला माहीत आहे. ते पोरांसाठी होतं, हात वळावा म्हणून. पोरं मोठी झाली की संपलं. मला हेच पटत नाही.

गेल्या भाद्रपदात मी गुलाबाई, म्हणजे शंकर-पार्वतीची मूर्ती, घडवायला घेतली. शेतातून पिशवीत आणलेली काळी माती होती. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून तडे जाणारच. रान तसंच तडकतं हे आपण उन्हाळ्यात बघतोच. आईने फोनवर सांगितलं की कुंभार लीद घालतात, तुला लीद मिळायची नाही, तर भुसा आणि पिंजलेला कापूस घाल, आणि सावलीत फडक्याखाली वाळव. तसं केलं. मग आठवलं, अजिंठ्याच्या भिंतींवर चित्राखाली जो गिलावा आहे तो असाच: मातीत भाताचं तूस, गवत, वनस्पतींचे धागे, आणि वर चुन्याचा पातळ हात. रंग तर गेरू, पिवळी माती, काजळी असेच. निळा तेवढा लांबून, अफगाणिस्तानाकडून आलेल्या दगडाचा. सहलीला तुम्ही आम्हाला पद्मपाणी दाखवलात, पण खाली चिखलात तूस का आहे हे मला कळलं ते गुलाबाईचं नाक पडू नये म्हणून धडपडताना. नाक राहिलं. शंकर जरा पोट सुटलेला झालाय.

हे शिकायला मला चाळिशी ओलांडावी लागली, म्हणजे हात वळायचं वय संपलेलं नव्हतं.

आणि चाळीसगाव. मामाकडे जाताना स्टेशनजवळचा तो बंगला तुम्हीच दाखवायचात. छायाचित्रकार केकी मूस. १९१२चा जन्म, १९८९ला गेले, आणि मधली जवळजवळ पन्नास वर्षं त्या घराबाहेर फारसे पडले नाहीत. लोक त्यांच्या न आलेल्या प्रेयसीची आणि ती जिने येणार होती त्या पंजाब मेलची गोष्ट सांगतात, तुम्हीही तीच सांगायचात. मला आता त्या गोष्टीपेक्षा त्यांचं टेबल जास्त आठवतं. टेबलावर मावतील एवढ्याच वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा पाडायचा आणि असा फोटो काढायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा डोंगर आहे, हे बर्फ पडलंय. शिवाय चित्रं, लाकडातलं कोरीव काम, कागदाच्या घड्या. रोज काहीतरी. आज ते घर संग्रहालय आहे म्हणून आपण त्यांना कलामहर्षी म्हणतो, तेव्हा गावातल्या कितीतरी जणांनी “हाई कसाले?” विचारलंच असेल. मला त्यांचं बंद दार नको आहे. इतकं एकटं कोणी राहू नये असंच मला वाटतं. पण टेबलाएवढी जागा माणसाला पुरते, हे मात्र मी त्यांच्याकडून घेतलं. माझं तर ताटच आहे.

दादाचं म्हणणं तुम्ही ऐकलंच असेल. इन्स्टाग्रामवर टाक, ऑर्डरी येतील, वस्त्रमाळांना पुण्यात भाव आहे. त्याचा हेतू चांगला आहे आणि हिशेबही बरोबर असेल. बचत गटाच्या बायका कंदील, वाती विकतात, त्यांचं घर त्यावर चालतं, आणि मी त्यांच्याकडून घेतेही. पण मी विकायला लागले की मला शंभर माळा एकसारख्या लागतील, आणि भाद्रपदातल्या ऑर्डरीसाठी ज्येष्ठातच कापूस घेऊन बसावं लागेल. म्हणजे पुन्हा ऑफिसच. ऑफिसात सगळे महिने सारखेच असतात बाबा, फक्त मार्च जरा जास्त वाईट. एसीत बसून आषाढ गेला की श्रावण आला हे कळत नाही. हे ताट आहे म्हणून मला कळतं. रस्त्याने जाताना शिरीषाच्या वाळक्या शेंगा कधी खडखडतात, भेंडीचं पिवळं फूल दुपारनंतर कसं मिटतं, शेवरीचा कापूस कधी उडायला लागतो, हे मी बघायला लागले ते संध्याकाळी काय करायचं हे शोधताना. उपयोग विचाराल तर एवढाच. पैशात काही नाही.

हो, आणि धाकट्याला बैलगाडी करून दाखवली. धांडे मंडईबाहेरच्या कडबावाल्याकडून आणले. तो बिचारा म्हणाला, ताई, गाय कुठे बांधता? पोराला साटी जमली, चाक जमत नाही. तो आजोबांना विचारीन म्हणतो. त्याचा फोन आला तर “बरं, ठेवतो” म्हणू नका.

आता खरं कारण लिहिते, ज्यासाठी हे पत्र लांबलं.

बैलजोडी विकल्यापासून बाबा पोळ्याच्या दिवशी घराबाहेर निघत नाहीत, हे आईने मला सांगितलंय. रागावू नका तिच्यावर. ट्रॅक्टर आला, तुमचे गुडघे राहिले नाहीत, विकले ते बरोबरच केलंत. पण दोर वळायचा ढेरा माळ्यावर का टाकलात? अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, पिळून तुम्ही बैलांच्या तोंडाला बांधायच्या मोरक्या करायचात, गोंडे बांधायचात, तेव्हा गल्लीतली माणसं येऊन हातात घेऊन बघायची. शाळेतून आलात की शर्ट खुंटीला आणि ढेरा हातात. ते बैलांसाठी होतं हे खरं, पण सगळंच बैलांसाठी होतं असं मला वाटत नाही. बैलांना नायलॉनची दोरीही चालली असती. आता तुम्ही सकाळचा पेपर दुपारी परत वाचता आणि संध्याकाळी टीव्हीवर भांडणाऱ्या माणसांवर ओरडता. त्यातली रोजची थोडी मिनिटं मला द्या. गल्लीत अजून दोन-तीन घरी जोड्या आहेत. त्यांना मोरकी करून द्या, नाहीतर मातीच्या बैलांना घालायला बोटभर लांबीच्या करा. धाकट्याच्या बैलगाडीला कासरा हवाच आहे.

यंदा सुतळीवर भागवा. बांधावर भाजीसाठी टाकलेली अंबाडी असेलच. आई, ती सगळीच्या सगळी भाजीत तोडू नकोस, चार-सहा झाडं उभी राहू दे. दिवाळीनंतर कापून पाण्यात भिजत घालायची, साल सुटली की वाख काढायचा. नदीला पाणी असेल तर ठीक, नाहीतर अंगणातल्या टाकीत. वास येईल. शेजारी बोलतील. बोलू द्या.

आई, तुझं जरा वेगळं आहे. अंगठ्याचा सांधा दुखतो तर वाती वळू नकोस, त्यात नेमका तोच अंगठा राबतो. डॉक्टरांनी सांगितलेला शेक घे, आणि गोधडीचं काम काढलंस तर बारीक सुई नको, मोठी घे, धावदोरा मोठा घाल. टाका वाकडा गेला तरी उसवू नकोस. तुझी खोड मला माहीत आहे, एक ओळ तिरकी गेली की अख्खी पट्टी उसवतेस. मागच्या गोधडीत बाबांचं निळं धोतर लावलंयस ती माझ्याकडे आहे, त्यातही एक ओळ तिरकी गेली आहे आणि ती मला आवडते.

गुलाबाईला मी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येतेय, धाकट्याला घेऊन. रजा मंजूर झाली आहे. तोवर ओढ्याकाठची माती थोडी खणून, चाळून ठेवा; खडे नकोत. टिपऱ्या कोठीत असतील, त्यांची सालं निघाली असतील तर बाबा, काचेच्या तुकड्याने घासून ठेवा. गाणी आई सांगेल. खाऊ काय आहे ते मात्र कोणालाच सांगू नका, मागच्या वेळी बाबांनी पोराला आधीच सांगून टाकलं आणि ओळखायची सगळी मजा गेली.

बीपीची गोळी सकाळचीच आहे, रात्रीची नाही, हे पुन्हा लिहिते. लाइट बिल मी भरलंय. आणि बाबा, मोरकीला गोंडे लावाल तर हिरवे नकोत. दर वर्षी हिरवेच असतात.

तुमची,
ताई