डब्याचे दूध सोडण्याआधी बाळाचे जेवण पाहा

संपादक महोदय,

बाळाला वर्ष पूर्ण झाले की डब्याचे दूध थांबवून गाईचे दूध देता येते, हे बहुतेक पालकांना ठाऊक असते. पण डबा बंद झाला की बाळाचे लोहही कमी होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. डब्याच्या दुधात लोह मुद्दाम घातलेले असते. गाईच्या दुधात ते नावापुरतेच, अर्ध्या लिटरमागे साधारण पाव मिलिग्रॅम. एक ते तीन वर्षांच्या मुलाची रोजची गरज मात्र ८ मिलिग्रॅम आहे. त्यातच दुधातील कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन जेवणातले लोहही नीट शोषू देत नाहीत.

म्हणून अकराव्या महिन्यापासूनच बाळाचे जेवण बघायला हवे. नुसत्या पेजेवर आणि नाचणीच्या सत्त्वावर असलेल्या बाळाला घाईने गाईच्या दुधावर नेऊ नये. दिवसातून तीनदा मऊ जेवण आणि त्यात अंडे, काटे नीट काढलेला मासा, मूग, चवळी, तांबडी भाजी (लाल माठ) यांपैकी काहीतरी रोज हवे. डाळ-भाजीवर लिंबू पिळले तर लोह अधिक शोषले जाते. चहात बुडवलेला पाव लहान मुलाला भरवण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडायला हवी. चहा लोहाचे शोषण रोखतो.

दूध बदलण्याचा सोपा मार्ग म्हणजे एका वेळी एकच पाळी बदलणे. आधी दुपारचे दूध गाईचे द्यावे, तीन-चार दिवसांनी सकाळचे आणि शेवटी रात्रीचे. चव बदलली की तोंड फिरवणाऱ्या बाळासाठी मिश्रण करावे. १८० मिलि दुधात आधी १२० मिलि डब्याचे आणि ६० मिलि गाईचे, दोन-तीन दिवसांनी ९०-९०, मग ६० आणि १२०, आणि त्यानंतर पूर्ण गाईचे. इथे एक चूक वारंवार होते. डब्याची पावडर पाण्याऐवजी थेट गाईच्या दुधात कालवली जाते. असे दूध फार दाट होते, त्यातील प्रथिने आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडांना जड जातात आणि पाणी कमी पडते. पावडर डब्यावर लिहिलेल्या मापाने पाण्यातच तयार करावी आणि मग दोन्ही दुधे एकत्र करावीत.

डब्याचे दूध जास्त गोड लागते, कारण त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, अधिक असते: १०० मिलिमध्ये सुमारे ७ ग्रॅम, तर गाईच्या दुधात ५ ग्रॅमच्या आत. बाळ नकार देते ते बहुधा यामुळेच. तरीही साखर घालू नये. दूध कोमट करून द्यावे, चार-पाच दिवसांत सवय होते. नेहमीचे डब्याचे दूध पचत असलेल्या बाळाला गाईच्या दुधातील लॅक्टोज बाधेल ही भीतीही अनाठायी आहे. मात्र दुधाच्या ॲलर्जीमुळे खास किंवा सोयाचे दूध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बदलू नये.

पिशवी घेताना रंगावर जाऊ नये, अक्षरे वाचावीत. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, डबल टोन्डमध्ये फक्त १.५ टक्के. दोन वर्षांपर्यंत डबल टोन्ड देऊ नये आणि साय काढूनही देऊ नये. गाईचे दूध असे लिहिलेली किंवा ४.५ टक्क्यांची स्टँडर्डाइज्ड पिशवी घ्यावी. वर्षानंतर पाणी घालण्याची गरज नाही. गोठ्यातून येणारे दूध उकळल्याशिवाय देऊच नये. आपल्या दमट हवेत, दुकानाबाहेर क्रेटमध्ये पडून राहिलेली पिशवीही एकदा उकळून घेणे बरे.

दिवसाचे दूध ४०० ते ५०० मिलि पुरे, तेही पेल्यातून. बाटली राहिली की प्रमाण नकळत लिटरभर होते, बाळ जेवत नाही, आणि जेवत नाही म्हणून आणखी दूध दिले जाते. अशीच बाळे पुढे फिकट, चिडचिडी होतात, शौच कडक होते. यावर उपाय म्हणजे दूध कमी करणे. अंगावर पित्त उठले, ओठ सुजले, वारंवार उलट्या झाल्या किंवा शौचात रक्त दिसले, तर दूध थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून गाईचे देऊ नये, मग ते कितीही पातळ केलेले असो. पाणी घातल्याने लोह वाढत नाही, ऊर्जा मात्र घटते. आईचे दूध भरपूर चालू असेल तर वर्षानंतरही वेगळे दूध हवेच असे नाही. ‘वाढत्या वयाच्या’ महागड्या पावडरींचीही निरोगी मुलाला गरज नसते.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलि लोह आणि फॉलिक आम्लाचे सिरप देण्याची सरकारी योजना आहे. पालकांनी त्याविषयी अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात आवर्जून विचारावे. आणि आरोग्य केंद्रांना विनंती, की नवव्या महिन्यातील गोवर-रुबेला लशीच्या वेळीच हे सगळे पालकांना सांगावे. कारण त्यानंतर बहुतेक बाळे थेट दीड वर्षाच्या लशीलाच येतात आणि दुधाचा बदल नेमका मधल्या काळात होऊन गेलेला असतो.

— एक बालआहार समुपदेशक, फोंडा