घंटाळीजवळच्या संगणक दुरुस्तीवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

आमच्या कुलवृत्तांताची पानं लावून झाली आहेत आणि आता ती छपाईला जातील. तोंडी आभार मानले तेव्हा तुम्ही "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणालात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात. त्यात काय एवढं होतं, ते चार लोकांना कळावं म्हणून हे जाहीर पत्र.

माझ्या चुलतभावाने सांगलीत बसून घराण्याचे मोडी कागद, हातांनी काढलेल्या वंशावळी आणि जुने फोटो स्कॅन केले. काही झिप करून, म्हणजे अनेक फाइली एकाच गठ्ठ्यात बांधून, गूगल ड्राइव्हवर ठेवले, तर मोठ्या फोटोंची आरएआर फाइल (तसाच दुसऱ्या प्रकारचा गठ्ठा) तुकड्यांत पाडून पाठवली. ठाण्यात माझ्याकडे त्यातलं जवळपास काहीच उघडेना. ज्याला विचारावं तो एकच सांगे, "फाइल करप्ट आहे, परत मागवा." परत मागवणं म्हणजे भावाच्या संथ नेटवर रात्र रात्र अपलोड.

तुम्ही आधी विचारलंत, "फाइल उतरत नाहीये, की उतरून उघडत नाहीये?" हा प्रश्न तोवर मला कोणी विचारलाच नव्हता. मग प्रॉपर्टीज उघडून आकडा बघितलात, तोही जीबीत ढोबळ नाही, थेट बाइटमध्ये, अगदी नेमका. भावाला फोन लावून त्याच्याकडचा आकडा विचारलात. पहिल्याच झिपचा फरक समोर आला. नाव पूर्ण, पण आतला माल अर्ध्यावर तुटलेला. झिपमध्ये कुठली फाइल कुठे आहे याची यादी अगदी शेवटी असते, पुस्तकाच्या मागे सूची असावी तशी. म्हणून शेपूट तुटलं की आधीचं बरंच शाबूत असूनही विंडोज अख्खी झिपच अवैध ठरवतं. हे ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला, कारण मूळ सांगलीत धडधाकट होतं. ती एकच झिप परत उतरवायची होती.

दुसरी झिप काही केबींची, म्हणजे अगदीच चिमुकली निघाली. तुम्ही ती नोटपॅडमध्ये उघडलीत. खऱ्या झिपची सुरुवात 'पी' आणि 'के' या दोन इंग्रजी अक्षरांनी होते, हे मला त्या दिवशी कळलं. १९८९ साली ही पद्धत आणणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. आमच्या फाइलीच्या पहिल्या ओळीत मात्र एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची भाषा, लिहिलेलं होतं. म्हणजे झिपच्या नावाखाली ड्राइव्हचं लॉगिनचं पान उतरलं होतं, कारण भावाने शेअर करताना परवानगी फक्त स्वतःपुरती ठेवली होती. त्याने ती बदलली आणि खरी फाइल उतरू लागली. अशी फाइल दुरुस्त करायला कोणी कितीही डोकं लावलं असतं तरी काय हाती आलं असतं? मुळात ती झिप नव्हतीच.

आरएआरच्या तुकड्यांचं दुखणं निराळं होतं. तिसरा तुकडा दोनदा उतरवल्यामुळे ब्राउझरने त्याच्या नावापुढे कंसात १ जोडला होता, आणि तोच पूर्ण होता. तुम्ही अर्धवट तुकडा काढून टाकलात, पूर्ण असलेल्याचं नाव सरळ केलंत, सगळे तुकडे एका फोल्डरमध्ये आणलेत आणि फक्त पहिल्यावर क्लिक केलंत. बाकीचे त्याने आपणहून ओढून घेतले. सगळे तुकडे एकेक करून उघडायचे नसतात, हे इतकं साधं आहे, पण सांगणारं माणूस भेटावं लागतं. फोल्डरात फोल्डर आणि त्यांची लांबलचक मराठी नावं, यामुळे फाइलीचा पत्ता (पाथ) फार लांब झाला म्हणून विंडोज अडत होतं. तेव्हा तुम्ही डी ड्राइव्हवर एका अक्षराचं फोल्डर करून तिथे सगळं सोडवलंत.

एका फोटोपाशी सीआरसी एरर आली, म्हणजे आतला माल मूळ मालाशी जुळत नव्हता. इथे तुमची चिकाटी दिसली. तुम्ही सेव्हन-झिप या गठ्ठे उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये टेस्ट लावून नेमका कुठला तुकडा बिघडलाय ते शोधलंत, तेवढाच परत मागवलात आणि भावाला त्याच्याकडच्या फाइलीचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा, काढायला लावलात. मग फोन स्पीकरवर ठेवून तुम्ही दोघं ती ६४ अक्षरं चार-चारच्या गटात वाचत होतात आणि मी कागदावर खुणा करत होते. शेवटचा गट जुळला तेव्हा भाऊ तिकडून "आहे तस्संच आलं!" असं ओरडला. पणजीचा एकमेव फोटो त्याच तुकड्यात होता.

आणखी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. 'फाइल दुरुस्त करा' म्हणणारे फुकटचे प्रोग्राम सर्चमध्ये ढिगाने येत होते. त्यातला एकही तुम्ही माझ्या संगणकावर चढवू दिला नाहीत. घरची कागदपत्रं असलेल्या मशिनवर कुठूनही आणलेलं काही चालवायचं नाही, हे तुम्ही ठामपणे सांगितलंत. मला ते फार महत्त्वाचं वाटतं, आणि वाचणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं.

शेवटी छापखान्याला द्यायची ४ जीबीपेक्षा मोठी फाइल पेनड्राइव्ह घेईना, जागा रिकामी असूनही. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या मांडणीचा होता आणि त्यावर त्याहून मोठी एकसंध फाइल मावत नाही. आतलं बाजूला काढून तुम्ही तो एक्सफॅट या मोठ्या फाइली घेणाऱ्या मांडणीचा करून दिलात आणि मी तशीच छापखान्यात गेले.

दादा, तुम्ही माझी फाइल न बघता तिला करप्ट म्हटलं नाहीत. प्रत्येकीचं दुखणं वेगळं आहे असं धरून चाललात, आणि का अडलं तेही दर वेळी मला समजावून सांगितलंत. त्यामुळे भावाकडून आलेली पुढची पुरवणी मी घरीच उघडली, बाइट जुळवून.

कुलवृत्तांताच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव घालायचं सगळ्यांनी ठरवलं आहे. दुकानाच्या पाटीवर ते नाही आणि मीही कधी विचारलं नाही. तेवढं पूर्ण नाव शुद्धलेखनासह कळवा. ते पान मी अजून छापखान्याला दिलेलं नाही.

तुमची,
कळव्याची ताई