तीन पाळ्यांना तीन माणसे पुरत नाहीत

माननीय संपादक,
स. न.

सुट्टीच्या दिवशी कामावर असणाऱ्यांचे कौतुक करणारा मजकूर दर मोठ्या सुट्टीला छापून येतो. कौतुकाला ना नाही. पण ड्यूटीचा तक्ता लावणाऱ्यांना आणि त्याप्रमाणे राबणाऱ्यांना जो हिशेब छळतो, तो मात्र कुठे छापला जात नाही. सोमवारचा अंक रविवारी तयार होतो, तेव्हा आपल्या कार्यालयाला तो अगदीच अनोळखी नसावा.

चोवीस तास चालणारी एकच जागा धरू. नियंत्रण कक्षातली एक खुर्ची, वॉर्डातली एक परिचारिका किंवा फाटकावरचा एक पहारेकरी. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणून तीन माणसे, असे सर्रास मानले जाते. आठवड्याचे तास १६८. तिघांत वाटले की प्रत्येकी ५६, म्हणजे सातही दिवस काम. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या पहिल्याच करारात ४८ तासांची मर्यादा आहे, पण सतत चालणाऱ्या प्रक्रियांना सरासरी ५६ तासांची सूट आहे. या ५६ ला तीनने गुणून पाहावे! १९२१ च्या करारात दर सात दिवसांत सलग २४ तासांची विश्रांती आली, तीही शक्य तिथे सगळ्यांना एकाच वेळी आणि रूढीने ठरलेल्या दिवशी. पाळीवाल्यांचे सगळे आयुष्य त्या ‘शक्य तिथे’मध्ये अडकलेले आहे.

आता पुढचा हिशेब. वर्षाचे तास ८,७६०. एका माणसाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ३० दिवस रजा आणि आजारपण-प्रशिक्षणाचे १० दिवस वजा केले की उरतात २७३ दिवस, म्हणजे २,१८४ तास. भागाकार ४.०१. इथे साहेब लोक थांबतात आणि चार माणसे मंजूर करतात. चार्ज देण्याघेण्याची १५ मिनिटे कोणी धरत नाही. ती रोज तीनदा, म्हणजे वर्षाला सुमारे २७४ तास. शिवाय १२ सार्वजनिक सुट्ट्या धरल्या, तर त्या दिवशीच्या ३६ पाळ्या कोणीतरी करतो आणि त्याला तेवढ्याच बदली सुट्ट्या द्याव्या लागतात. ते २८८ तास. बेरीज ९,३२२, उत्तर ४.२७. दहा जागांना ४३ माणसे लागतात आणि असतात ४०. रजा-सुट्ट्यांचे आकडे ज्याने त्याने आपापले घालावेत, रीत हीच.

ही तीन माणसे नसली की बदली सुट्टी फक्त वहीत जमा होते. एकाला ती द्यायची तर त्या दिवशी दुसऱ्याचा ऑफ मोडतो, मग त्या दुसऱ्याची बदली सुट्टी देणे लागतो. वर्षअखेरीस सगळ्या रद्द. त्याऐवजी पैसे दिले तर निदान काही हाती लागते, पण झोपेचा प्रश्न तसाच राहतो.

चार गट असले की दोन दिवस पहिली पाळी (सकाळी ७ ते दुपारी ३), दोन दिवस दुसरी (दुपारी ३ ते रात्री ११), दोन रात्री (११ ते सकाळी ७) आणि दोन ऑफ, असे आठ दिवसांचे चक्र बऱ्याच ठिकाणी लावतात. दिसायला ते चोख आहे. आठवडा सात दिवसांचा आणि चक्र आठ दिवसांचे, म्हणून सुट्टीचा वार पुढे सरकत जातो आणि ५६ दिवसांनी सगळे पुन्हा तिथेच येते. या आठ आठवड्यांत रविवार असे पडतात: दोन सुट्टीचे, मग दोन रात्रपाळीचे, दोन दुसऱ्या पाळीचे, दोन पहिल्या पाळीचे. सुट्टीच्या दोनपैकी एक रविवार सकाळी रात्रपाळी उतरून सुरू होतो, म्हणजे तो झोपण्यात जातो. आठ आठवड्यांत खरा रविवार एक. त्यात गटातला कोणी रजेवर गेला की त्याची जागा इतरांच्या ऑफमधून भरायची.

मोठ्या सुट्ट्यांचे वाटप करताना नुसते दिवस मोजू नयेत. आदल्या रात्री कामावर असलेला माणूस तक्त्यात सुट्टीच्या दिवशी ‘ऑफ’ दिसतो, पण दुपारपर्यंत तो अंथरुणात असतो. दुसरी पाळी सगळ्यांत जड, कारण माणसे जमतात ती संध्याकाळी. म्हणून गुण लावावेत: पहिल्या पाळीला १, रात्रीला २, आदल्या रात्रीला २, दुसऱ्या पाळीला ३. ज्याचे गुण कमी त्याचा सुट्टीच्या दिवशी कामाला नंबर आधी, आणि बेरीज पुढच्या वर्षी चालू ठेवायची. नव्याने आलेल्याला शून्यावर नाही, गटाच्या सरासरीवर बसवावे, नाहीतर पहिल्या वर्षी सगळ्या सुट्ट्यांच्या पाळ्या त्याच्याच गळ्यात पडतात. ‘तुला कुठे संसार आहे’ हा निकष तर मुळीच नको.

तक्ता आठ आठवडे आधी लावावा. आपसातली अदलाबदल खुशाल होऊ द्यावी, पण लेखी, आणि दोन पाळ्यांत ११ तासांचे अंतर राखून. युरोपीय संघाच्या नियमांत तेवढी रोजची विश्रांती आहे. रात्री ११ ला सुटलेला माणूस सकाळी ७ ला पुन्हा उभा केला की मध्ये आठच तास मिळतात, त्यातला जाण्यायेण्याचा वेळ वेगळा.

सुट्टीच्या दिवशी बिघाड नेहमीचेच होतात, पण ते निस्तरणारे हाताशी नसतात. भांडाराला कुलूप असते, आणि खर्चाची मंजुरी देणारा फोन उचलत नाही. कामावरच्या माणसाकडे जबाबदारी सगळी आणि अधिकार मात्र शून्य. त्यामुळे आदल्या दिवशी दुपारनंतर कोणताही नवा बदल, नवी जोडणी करू नये. भांडाराची चावी आणि ठरावीक रकमेपर्यंतचा खर्चाचा अधिकार पाळीप्रमुखाकडे लेखी द्यावा. संपर्काच्या यादीत पहिला क्रमांक बाहेरगावी गेलेल्याचा आणि दुसरा बदली होऊन गेलेल्याचा, हे तर ठरलेलेच. ती यादी आदल्या दिवशी एकेक क्रमांक लावून तपासावी, आणि तेही पहिल्या पाळीत. दुसऱ्या पाळीपर्यंत लोक निघालेले असतात.

– ड्यूटीचे तक्ते लावणारे काही पाळी कर्मचारी