पर्समध्येच राहिलेला कागद

महोदय,

सुनेने आठव्या महिन्यात एक कागद लिहिला. कळांच्या वेळी सोबत आई हवी, पलंगावर आडवं न ठेवता चालू-फिरू द्यावं, बाळ बाहेर येताना गरजेशिवाय खाली चीर देऊ नये, नाळ कापायची घाई नको, बाळ आधी छातीवर द्यावं. मी हसले. आमच्या वेळी ‘ओरडू नकोस’ एवढंच सांगितलं जाई!

दवाखान्यात तो कागद कोणी उघडलाही नाही. ‘हे परदेशात चालतं,’ म्हणाले. खरं तर सोबतीण आत असू द्यावी, हे बाळंतपणाच्या खोलीतली सेवा सुधारण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ उपक्रमातच आहे आणि नाळ किमान मिनिटभर थांबून कापावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेवटी सिझेरियन झालं. ते गरजेचं असेलही, डॉक्टरांवर माझा राग नाही. पण का, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात. सरकारी दवाखान्यांत १४.३.

नाव नोंदवतानाच दहा मिनिटं बसून हा कागद वाचायला काय हरकत आहे?

– एक सासू, सातारा