हवेचा नव्हे, मातीचा पारा छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

थंडी ओसरायच्या आधीच टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपे तयार करून ठेवायची धडपड आता गच्चीवरच्या बागांपासून मोठ्या रोपवाटिकांपर्यंत सगळीकडे चालते. आपल्या पुरवणीतही दरवर्षी सल्ला येतो : ट्रे घरात घ्या, प्लास्टिकने झाका, ऊब द्या. सल्ला चांगला आहे, पण अपुरा. ऊब कशाला द्यायची आणि कधी काढून घ्यायची, हे त्यात येत नाही, आणि रोपे हातची जातात ती तिथेच. मी रोपवाटिका चालवते, म्हणून हे पत्र.

बी उगवते ते मातीच्या तापमानावर. ओल्या ट्रेमधून सतत बाष्पीभवन होत असते आणि त्याने माती गार पडते. खोलीत २० अंश असले तरी कोकोपीटमध्ये (ट्रेमध्ये माती म्हणून भरायच्या नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) थर्मामीटर खोचला की पारा दोन-तीन अंश खाली दिसतो. टोमॅटोच्या बियाला साधारण २१ ते २७ अंश मानवतात, मिरची आणि वांग्याला २५ ते ३०. पंधरा अंशांच्या ओल्या मातीत मिरचीचे बी आठवडेच्या आठवडे पडून राहते, कित्येकदा कुजते, आणि बोल मात्र बियाणाला लागतो. बियाणाला दोष देण्याआधी बी जितके खोल पेरले आहे तिथे पारा पाहावा, आणि तोही पहाटे. दुपारचा आकडा उगीच धीर देतो.

ऊब खालून द्यावी. विजेची चटई असेल तर प्रश्नच नाही; फक्त तिचा तापनियंत्रक मातीत खोचलेला हवा. नसेल तर उष्ण वाफ्याची जुनी रीत आजही तितकीच कामाची आहे. घोड्याची ताजी लीद भुश्यात कालवून, ओलसर करून, दीड-दोन फुटांचा थर दाबून बसवायचा. सुरुवातीला तो इतका तापतो की बी भाजून निघेल. ती धग उतरून ३० अंशांच्या आसपास आली की मगच वर ट्रे मांडायचे. झाकण रोज थोडे उघडायला हवे, कारण कुजणाऱ्या लिदीतून अमोनिया निघतो आणि बंद जागेत कोवळी पाने करपतात.

कोंब वर आले की ऊब कमी करायची. माझ्या मते सगळ्यात जास्त रोपे इथे बिघडतात. उजेड कमी आणि ऊब भरपूर असली की रोप लांबुळके, पोचट होते आणि पुढे कितीही खत घाला, सावरत नाही. टोमॅटोच्या रोपाला दिवसा १८ ते २० अंश आणि रात्री त्याहून दोन-चार अंश कमी पुरतात. त्याची खरी भूक उजेडाची असते. त्यात झाकण सदा बंद आणि माती चिंब राहिली तर मर लागते. मातीलगत देठ पाणचट होतो, दोऱ्याइतका बारीक होतो आणि हिरवेगार रोप आडवे पडते. एका कोपऱ्यात हे दिसले की तो कप्पा मातीसकट बाहेर काढावा.

गारठा मुळांना लागला तर पान सांगते. टोमॅटोचे पान उलटून पाहा. खालची बाजू आणि शिरा जांभळ्या दिसल्या तर बहुधा थंड मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही असे समजावे. तेव्हा खताचा डबा उघडू नये, ट्रेखाली ऊब द्यावी आणि पाणीही नळाचे गार न घालता कोमट करून घालावे.

बाहेरच्या वाफ्यावर पातळ पॉलिथिनचा एकच पडदा निरभ्र रात्री फारसा उपयोगी पडत नाही, कारण जमिनीतून निघणारी उष्णता त्यातून बरीचशी आरपार जाते. ऊन उतरण्याआधीच त्यावर गोणपाट टाकावे, सकाळी उन्हाबरोबर काढावे, आणि प्लास्टिक पानाला टेकू देऊ नये. आत पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवाव्यात. तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीच्या चौपटीहून जास्त उष्णता पाणी साठवते आणि रात्रभर सावकाश सोडते.

आता विनंती. आपण रोज छापता ते किमान तापमान जमिनीपासून माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीवरच्या पेटीत मोजलेले असते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री रोपाच्या उंचीवरची हवा त्याहून काही अंश थंड असते. आकडा ४ अंशांचा वाचून निर्धास्त झोपलेल्या माणसाची रोपे सकाळी हिमाने काळवंडलेली सापडू शकतात. कृषी हवामान केंद्रांवर मातीचे तापमान ५, १० आणि २० सेंटीमीटर खोलीवर मोजले जाते. यांतला निदान ५ सेंटीमीटरचा सकाळचा आकडा, रोपे टाकण्याच्या हंगामापुरता तरी, हवामानाच्या चौकटीत द्यावा. जागा एका ओळीचीच लागेल.

आपली नियमित वाचक,
एक रोपवाटिकाचालक