रोमला जायचं ठरलंय

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर आईचा आवाज ऐकला की पुढचं बोलणं सुचत नाही, म्हणून लिहितेय. जुनं रोमन बांधकाम प्रत्यक्ष बघून शिकायला रोमला जायचं नक्की केलंय, फीसुद्धा भरली. यंदा दिवाळीत मी घरी नसेन. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असताना हे सांगणं जिवावर येतंय. पण पुढच्या वर्षी प्रवेश मिळेलच असं नाही.

"पुस्तकात फोटो असतात की," असं बाबा म्हणणार. बाबा, फोटोत भिंतीचा फक्त दर्शनी भाग येतो. रोमन भिंतीचा गाभा चुना, ज्वालामुखीची राख आणि दगडाचे तुकडे यांचा. बाहेरचं नुसतं आवरण. रोमजवळच्या ओस्तिया या प्राचीन बंदराच्या अवशेषांत कितीतरी भिंती अर्धवट पडल्यात, त्यामुळे आतलं उघडं दिसतं. जुन्या पद्धतीत दगडाचे छोटे पिरॅमिड घडवून त्यांची टोकं गाभ्यात रोवत आणि चौकोनी तोंडं बाहेर तिरपी लावत. दिसतं देखणं, पण सांधे तिरक्या रेषेत ओळीने आल्यामुळे एकदा तडा गेला की तो पसरतच जातो. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकारानेही याबद्दल बजावून ठेवलंय. पुढे विटा आल्या: चौकोनी वीट कर्णावर कापायची आणि त्रिकोणाचं टोक आत. मध्ये मध्ये दोन रोमन फुटी, म्हणजे सुमारे ५९ सेंमीच्या विटांचा आडवा थर. भिंतीचा काळ या खुणांवरून ठरतो, त्यामुळे हाताला टेप हवाच.

रोममधल्या पँथिऑन या प्राचीन मंदिराचा घुमट ४३.३ मीटर व्यासाचा, आत लोखंडी सळई नाही. खाली जड दगड, वर जाता जाता हलका प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. हे तिथे उभं राहूनच कळेल.

आणि बाबा, कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयातल्या पोसायडनच्या, म्हणजे ग्रीक समुद्रदेवाच्या मूर्तीसमोर मला उचलून तुम्हीच धरायचात ना? आता नेपल्सला जाऊन पॉम्पेईत १९३८ साली सापडलेली आपल्याकडची हस्तिदंती मूर्ती बघणार. तशाच मूर्ती तेर आणि भोकरदनला मिळाल्यात.

जेवणाची काळजी नको. एस्क्विलिनो भागात तूरडाळ मिळते, छोटा कुकर नेतेय. प्यायच्या पाण्याचे नळ तिथे रस्तोरस्ती वाहते असतात. आई, तुझ्या जुन्या साडीची गोधडी नेऊ? थंडीत तिच्याशिवाय झोप लागायची नाही मला.

बाबा, व्यायाम एक दिवसही चुकवायचा नाही, जिन्याचा कठडा धरूनच उतरायचं. आई, फराळाची पातेली काढायला माळ्यावर चढू नकोस, मावशींना सांग. चकल्या यंदा विकतच्या आणा, माझ्यासाठी म्हणून भाजणी करत बसू नकोस.

तुमची,
चिमी